तंबूबाहेरची शेगडी

हॅनकॉक, ९ मे २०१६

प्रिय रेनो,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, असं धरून लिहिते आहे. पत्ता एल्सीने दिला. नाताळात तू तिला कार्ड पाठवतोस, सख्ख्या बहिणीला नाही, हे तिने मला दोनदा ऐकवलं. चुलत बहिणी असतातच त्यासाठी. मी ऐकून घेतलं.

काम शेगडीचं आहे. अकरा जूनला मार्लिसचा वाढदिवस. तिने यंदा तोंडाने मागून घेतलंय: तंबूत राहायला जाताना न्यायची, दोन बर्नरची, प्रोपेनची शेगडी. चार जुलैच्या सुट्टीत ती, ब्रेंट आणि दोन्ही पोरी हेरन तळ्यावर आठवडाभर राहणार आहेत. गाडी थेट तंबूच्या दाराशी जाते, त्यामुळे वजनाचा प्रश्न नाही. ब्रेंटच्या मनात आलं तर तो घरचा सोफासुद्धा नेईल. आठवतो ना जावई? पुलाखालचा, आपण पुलापलीकडून दक्षिणेतून आलेल्यांना म्हणतो तसा. इतकी वर्षं इथे राहून अजून बर्फाला नावं ठेवतो. पोरी तू पाहिल्या नाहीस. टिली सहा वर्षांची आहे, जून तीनची. आपण आजीला म्हणायचो तसं त्या मला मुम्मू म्हणतात.

हायवेवरच्या दुकानात तीन शेगड्या बघून आले. एक हिरवी, आपल्या जुन्या शेगडीसारखीच. पत्रा मात्र असा पातळ की झाकण उघडताना वाकतं. दुसरी लाल. तिला रेग्युलेटर आहे, आच अगदी बारीक करता येते, वाऱ्याला तिन्ही बाजूंनी आडोसा. तिसरी काळी, तिला कमरेइतके उंच पाय, उभं राहून शिजवायचं. शाळेच्या स्वयंपाकघरात मी एकोणीस वर्षं चारशे पोरांना जेवू घालते आहे, तेव्हा आचेचं मला कळतं. पण गॅसच्या जोडणीचं तुला कळतं. तू बोटींत तेच करतोस म्हणे.

आता खरं काय ते. गेल्या रविवारी मार्लिस कॉफीला आली होती. म्हणाली, "पाऊस आला तर आतच शिजवू. या वेळी उंच तंबू घेतलाय, उभं राहता येतं."

मी म्हटलं, "तंबूत शेगडी न्यायची नसते."

"आई, ते मामाच्या जुन्या नळीमुळे झालं. नव्या शेगडीला काय होतंय?"

मी कॉफी ओतत होते. ओततच राहिले. बशी भरली तेव्हा तिनेच भांडं माझ्या हातातून काढून घेतलं.

येत्या सप्टेंबरात सात वर्षं होतील. एवढी वर्षं या घरात एकच गोष्ट खरी आहे: रेनोने शेगडी तंबूत नेली, रेनोची नळी गळकी होती, म्हणून मार्लिसचा बाप, माझा आर्विड गेला. नळी गळकी नव्हती, हे तुला माहीत आहे. शेगडी आत कुणी नेली, हेही माहीत आहे. आणि जिने नेली ती आज तुला हे पत्र लिहिते आहे.

तू माझ्यासाठी खोटं बोललास. आता ते खोटं माझ्या नातींच्या तंबूत शिरणार आहे. मला एवढंच सांग: तंबूत नेताच येणार नाही अशी कोणती शेगडी मिळते?

हेल्मी


२४ मे

रेनो,

उत्तर नाही. ठीक आहे. पंधरा दिवस म्हणजे आपल्या लोकांत काही उशीर नव्हे. बाबा आईशी एकदा मार्च ते जून बोलले नव्हते, आणि कारण विचारलं तर दोघांनाही आठवत नव्हतं.

मी तीनदा दुकानात गेले. काउंटरवर तो म्हातारा क्लॅरेन्स असतो. तिसऱ्या वेळी म्हणाला, "हेल्मीबाई, शेगडी निवडताय का नवरा?"

मी म्हटलं, "नवरा एका दिवसात निवडला होता. शेगडीला विचार लागतो."

हसला बिचारा. मग त्याला सगळं आठवलं आणि चेहरा पडला. गावात हेच होतं. माझ्याशी थट्टा करता करता लोकांची जीभ मध्येच अडकते.

त्याने लाल शेगडीची फार तारीफ केली. दोन्ही बर्नरांवर मोठे तवे शेजारी शेजारी बसतात, एकमेकांना ढुशा मारत नाहीत. गॅसच्या एका हिरव्या बाटलीवर दोन दिवस जातात. खाली सांडलेलं पुसायला पत्रा सरकन बाहेर येतो. मी खोक्याच्या मागची बाजू वाचत होते. तिथे काळ्या चौकटीत लिहिलंय की फक्त मोकळ्या जागेत वापरा. मी बोट ठेवून दाखवलं तर क्लॅरेन्स म्हणाला, "ते वकिलांसाठी असतं हो. आमचे लोक तंबूची झडप चार बोटं उघडी ठेवतात आणि कॉफी करतात. माझा बाप चाळीस वर्षं करत होता."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण त्याला काय म्हणून बोलू? मीही हेच म्हणत होते ना? मुम्मूने आपल्याला काय शिकवलं होतं? सौनातले निखारे पुरते विझल्याशिवाय धुराड्याची झडप लावायची नाही, नाहीतर हॅका धरते, निखाऱ्यांचा तो विषारी वायू. वास नाही, रंग नाही, माणूस झोपतो तो उठत नाही. आपल्या घरात पाच वर्षांच्या पोरालाही हॅका माहीत होती. पण ती लाकडाची, निखाऱ्यांची. गॅसची ज्योत स्वच्छ, निळी, काजळी नाही की धूर नाही. तिच्यात कसली आलीय हॅका? तूही हेच मानायचास. अख्खं गाव मानतं. जी गोष्ट आपल्याला आजीपासून ठाऊक होती, तिनेच आपल्याला फसवलं.

असो. मी काळी घेतली. पायांची. क्लॅरेन्सने ती गाडीत चढवताना दोनदा कंबर धरली. जेवणाच्या टेबलाएवढी आहे. ही तंबूच्या दारातून आत जाणार नाही, आणि गेलीच तर आत माणसाला जागा उरणार नाही. घरी येताना मी गाडीत गाणं म्हणत होते. वाटलं, सुटले. काहीही न बोलता सुटले.

हेल्मी


१३ जून

रेनो,

तुझं पत्र आलं. स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वाचलं. दोन पानं, आणि दोन्हीभर शेगड्या! हिरवीचा पत्रा गंजतो, लालचा रेग्युलेटर चांगला पण खटक्याचा लायटर वर्षभरात मरतो, काळी उत्तम पण वाऱ्यात ठेवायची तर तिला दगड बांधावा लागतो. नळी कितीची घ्यायची, साबणाचं पाणी लावून गळती कशी बघायची, सगळं लिहिलंस. तू कसा आहेस ते एका ओळीतही नाही. वाचता वाचता मला हसू आलं आणि मग मी खुर्चीवर बसून रडले.

शेवटी लिहिलंस, "मार्लिसला मी जे सांगितलं ते मी बदलणार नाही. तुला बदलायचं असेल तर तू बदल."

वाढदिवसाला मी काळी शेगडी घेऊन गेले. मार्लिसने कागद फाडला आणि म्हणाली, "आई! मी चौघांचं जेवण करणार आहे, चर्चचं नाही."

ब्रेंट म्हणाला, "थांब थांब, भारी आहे ही." खाली वाकला, चार खिट्ट्या फिरवल्या आणि पाय काढून बाजूला ठेवले. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. "बघा, झाली बसकी. आता कुठेही न्या."

क्लॅरेन्सने मला हे सांगितलंच नव्हतं, किंवा मी विचारलं नव्हतं. आणि एवढं करून त्यांनी ती ठेवलीही नाही. काल जाऊन बदलून लाल आणली. "ही सुटसुटीत आहे, आई. रागावू नकोस हं."

मी वाढदिवशीच बोलायला तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. म्हटलं, "मार्लिस, नळी गळकी असो नसो, बंद तंबूत कुठलीही शेगडी..." तिने मला मिठी मारली. म्हणाली, "मला कळतं गं. तुला अजून भीती वाटते. पण जे मामाने केलं त्याची शिक्षा आपण किती वर्षं भोगायची?" पोरी केक मागत होत्या. मी केक कापला.

तू विचारलं नाहीस, पण मी लिहिते. तुलाही तो दिवस अर्धाच माहीत आहे.

तू सकाळीच बोट घेऊन गेला होतास. आर्विडला रात्रीपासून कणकण होती. पाऊस आडवा येत होता. बाहेर शेगडी पेटेना, पेटली तर टिकेना. एकच्या सुमाराला मी ती आत आणली, मोयक्का रश्श्याचं भांडं बारीक आचेवर ठेवलं आणि झडप पूर्ण लावून घेतली, चार बोटंसुद्धा उघडी ठेवली नाही, कारण त्याला थंडी वाजत होती. म्हटलं, रस्सा शिजेल आणि ऊबही राहील, एका दगडात दोन पक्षी. मग मी पलीकडे उतरलेल्या सारी कुटुंबाच्या ट्रेलरमध्ये कॉफीला गेले. पत्त्यांचा डाव बसला. उठले तेव्हा चार वाजत आले होते.

आत आले तर आर्विडचे गाल लालबुंद होते, लहान मुलासारखे. मला वाटलं, चला, उबेने बरं वाटलं दिसतंय. रस्सा ढवळला. मीठ बघितलं. गॅस बंद केला. त्याला उठवायला नको म्हणून चवड्यांवर चालत बाहेर आले, रेनो! तू बोट बांधून आलास, त्याला हाक मारलीस, खांद्याला हात लावलास, आणि माझ्याकडे पाहिलंस.

मार्लिस पोचली ती पाच महिन्यांचं पोट घेऊन धावत. "कुणी नेली शेगडी आत? कुणी?" असं ओरडत होती. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "मी." नंतर पोलिसालाही तेच सांगितलंस, आणि वर नळीचं पदरचं घातलंस. त्याने अपघात म्हणून लिहून घेतलं. दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. मार्लिस तुला म्हणाली, "तू इथे बसायचं नाहीस." तू माझ्याकडे पाहिलंस. मी कपबशा लावत होते.

तेव्हा तू माझ्यावर उपकार केलेस, पण मला तुझा राग यायला लागला. खरा राग. तुझं नाव निघालं की मी तोंड फिरवायची. लोक म्हणायचे, बरोबर आहे, भावानेच केलं ना. आणि मी मान हलवायची. पहिल्या वर्षाअखेर मीच सगळ्यांना नळीचं सांगत होते, कुणी न विचारता. मार्लिसला नळी इतकी पाठ आहे ती तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे.

तीन आठवडे उरलेत. मी सांगणार आहे. तिला सांगितलं तर ती जाईल, हे मला स्वच्छ दिसतंय. बापावर तिचा जीव होता. माझ्यावर आहे तो दया म्हणून आहे, विधवा आई म्हणून.

हेल्मी


७ जुलै

रेनो,

अक्षर वाकडं आहे कारण डाव्या हाताने लिहिते आहे. आधीच सांगते: पोरी सुखरूप आहेत. आता वाच.

मी सांगितलं नाही. तीन आठवडे गेले. रोज ठरवलं, रोज उद्यावर टाकलं. दोन तारखेला ती मंडळी तळ्यावर गेली. निघताना मी म्हटलं, "शेगडी बाहेर ठेवा हं." मार्लिस म्हणाली, "हो गं आई," म्हणजे घरातल्या म्हातारीला म्हणतात तसं.

पाच तारखेला सकाळपासून पाऊस लागला. हात आखडावेत असा गारठा, जुलै असून. शाळेला सुट्टी, मी घरात. वेलचीचा पाव भाजत होते. खिडकीबाहेर पाऊस आडवा व्हायला लागला आणि माझ्याने राहवेना. पाव तसाच फडक्यात गुंडाळला आणि गाडी काढली. चाळीस मैल. मनात म्हणत होते, पाव द्यायला आले म्हणायचं.

दोन वाजत आले होते. ब्रेंटची गाडी होती, ब्रेंट नव्हता, धक्क्यावर गळ टाकून बसला होता. तंबू सगळीकडून बंद. चेन खालपर्यंत ओढलेली. मी हाक मारली. मार्लिस आतून म्हणाली, "आई? तू कशी काय?" पण आवाज जड, झोपेतला.

मी चेन ओढली. गरम वाफ तोंडावर आली. लाल शेगडी मधोमध, एका बर्नरवर दुधाचं भांडं, दुसरा नुसताच चालू, उबेसाठी. मार्लिस कपाळाला हात लावून आडवी. जून तिच्या कुशीत झोपलेली. टिली कोपऱ्यात पातेल्यात ओकत होती. मार्लिस म्हणाली, "काल शेकोटीवर गोड फार खाल्लं तिने. माझंही डोकं दुखतंय. हवाच अशी आहे."

जूनचे गाल मी पाहिले.

पुढचं मला नीट आठवत नाही. शेगडी मी चालू असतानाच उचलली. दूध माझ्या पायावर सांडलं, ते मला घरी गेल्यावर कळलं. उजव्या तळव्याची कातडी पत्र्याला चिकटली. शेगडी बाहेर चिखलात फेकली, मग जूनला उचललं, टिलीला काखेत मारलं आणि दोघींना पावसात नेऊन गवतावर ठेवलं. मार्लिस धडपडत बाहेर आली आणि माझ्यावर ओरडली, "वेड लागलंय का तुला? पोरी भिजताहेत!"

जून डोळे उघडेना. मी तिच्या गालावर मारलं. पुन्हा मारलं. मग ती रडली. रेनो, मी आयुष्यात एवढं गोड रडणं ऐकलं नाही.

ब्रेंट धावत आला. मी म्हटलं, "गाडी काढ, दवाखाना." तो पुलाखालचा असेल, पण त्या दिवशी एक शब्द न विचारता त्याने गाडी काढली. तिघींना नाकातोंडावर मास्क लावून चार तास बसवलं. टिलीला मजा वाटली, ती विमान चालवत होती. डॉक्टर म्हणाली, धाकटीला अजून अर्धा तास झाला असता तर सांगता आलं नसतं.

मार्लिस म्हणाली, "पण नळी तर नवीन आहे."

डॉक्टर म्हणाली, "नळीचा काय संबंध? बंद जागेत कुठलीही शेगडी हेच करते."

मार्लिस माझ्याकडे वळली. नर्स माझ्या हाताला पट्टी बांधत होती. मी तिथेच सांगितलं. नर्स, डॉक्टर, ब्रेंट, सगळे होते. नळी चांगली होती. शेगडी मी नेली होती. मामाने आपल्या अंगावर घेतलं, मी घेऊ दिलं.

तिने पोरींकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे आज ह्या दोघी..."

मी म्हटलं, "हो."

तेवढं लिहायचं होतं. सांगून झालं. तू मोकळा झालास.

हेल्मी


१ ऑगस्ट

रेनो,

तू फोन केलास, मी उचलला नाही. उचलायची हिंमत नव्हती. हे पत्र वाचलंस की कळेल.

मार्लिस गेल्या मंगळवारी आली. एकटी. पोरींना पाठवणार नाही, असं तिने आधीच कळवलं होतं. कॉफी घेतली नाही. माझ्या घरात कुणी कॉफी नाकारली असं आजवर झालं नव्हतं. उभीच राहिली, ओट्याला टेकून. म्हणाली, "मी खूप विचार केला. चूक कुणाच्याही हातून होते. माझ्याही हातून झाली. मी तर तुझ्यापेक्षा मोठी केली, मला दोन पोरी होत्या. घाबरलीस, खोटं बोललीस, तेही मी समजून घेईन. मला वेळ दे, पण मी समजून घेईन."

मला वाटलं, देव आहे.

मग ती म्हणाली, "एकच सांग. बाबा शेवटचं काही बोलले का?"

ती ते सहज विचारत होती. तिला काहीतरी जवळ ठेवायला हवं होतं, एखादा शब्द. मी म्हणू शकले असते, तुझं नाव घेतलं. म्हणू शकले असते, झोपेतच होते. पोरगी परत येत होती, रेनो. माझ्या दारात उभी होती. एक खोटं तिला सात वर्षं माझ्याजवळ ठेवून होतं, आणखी एकाने ती उरलेला जन्म राहिली असती. पण दवाखान्यात टिली विमान चालवत होती, ते मला दिसत होतं. मी खरं सांगितलं.

तुला मागच्या पत्रात लिहिलं नाही ते हेच. त्या आधीच्यातही नाही. सात वर्षांत कुणालाच नाही.

मी सारींकडे जायला निघाले तेव्हा आर्विड जागा होता. शेगडी आत येऊन अर्धा तास झाला असेल. तो म्हणाला, "हेल्मी, डोकं फुटतंय. ती शेगडी बाहेर काढ." मी रेनकोट चढवत होते. म्हटलं, "पावसात कुठे काढू? रस्सा अर्धा कच्चा आहे. तुला सारखं काहीतरी खुपतच असतं. झोप." तो म्हणाला, "अगं काढ ना, मला उठवत नाहीये." मी म्हटलं, "झोपलास की बरं वाटेल," आणि बाहेर येऊन चेन खालपर्यंत ओढली.

तो कुरकुऱ्या होता, तुला माहीत आहे. चहा कोमट, उशी उंच, दार करकरतं. चोवीस वर्षं ऐकून माझे कान किटले होते. आणि सारींकडे कॉफी तयार होती. बस, एवढंच कारण होतं.

मार्लिसने ऐकून घेतलं. रडली नाही. म्हणाली, "मामाला हे माहीत होतं?"

मी म्हटलं, "नाही. त्याला वाटलं, मला कळलंच नाही, अजाणता झालं."

"म्हणजे तो कशासाठी खोटं बोलला हे त्यालाच माहीत नाही."

"नाही."

"मग तू सांग त्याला. मी नाही सांगणार. तुझं तू सांग."

आणि ती गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

काल ब्रेंटचा फोन आला. मार्लिस पोरींना घेऊन तुझ्याकडे यायला निघते आहे, गाडीने. नऊ तारखेला ॲस्टोरियाला पोचेल. तुझी क्षमा मागायची आहे, म्हणाला. मी विचारलं, "माझ्यासाठी काही निरोप?" तो चांगला माणूस आहे, त्याला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, "मदर, हात बरा आहे ना?"

तर आता तुलाही कळलं. तू बहिणीची चूक पाठीवर घेऊन गाव सोडलंस, चर्च सोडलंस, बोट विकलीस. पण ती नुसती चूक नव्हती. नवऱ्याने हात जोडून मागितलं होतं आणि मी कॉफीला गेले. हे माहीत असतं तर तू त्या दिवशी "मी" म्हणाला असतास का, हे मला विचारायचं होतं. पण उत्तर मला नको आहे.

टिलीला गाडी लागते, तिला पुढे बसायला दे. जून अनोळखी माणसाशी बोलत नाही, तू आपणहून जवळ जाऊ नकोस, ती येईल. मार्लिस क्षमा मागायला लागली की तिला मागू दे, मध्ये तोडू नकोस.

हे पत्र त्यांच्या आधी पोचावं म्हणून जलद टपालाने टाकते आहे. पुन्हा फोन केलास तर मी उचलेन. नाही केलास तर का नाही ते मला कळेल.

हेल्मी